शेवटच्या धारेचा भाव

गणपतराव संकपाळांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं नसतं, तर यातलं काहीच घडलं नसतं. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू निघाला, पट्टी सुटली आणि बारा-पंधरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांना वर्तमानपत्रातला बारीक टाइप दिसायला लागला. अशा वेळी माणसानं नातवंडांचे चेहरे बघावेत, देवाचे आभार मानावेत. गणपतरावांनी शेअर बाजाराचं पान उघडलं, त्यात बोट फिरवलं आणि ते पान तसंच हातात धरून सकाळी साडेसातला कॉलनीच्या कमानीपाशी जाऊन उभे राहिले.

कमानीपाशी पाण्याच्या टाकीला लागून कॉलनीच्या मंडळाचा काळा फलक आहे. त्यावर गोमटेशअण्णा मगदूमांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'हिरण्यकेशी व्हॉल्व्ह, बंद भाव : ४१२.००'. गणपतरावांच्या हातातल्या पानावर होतं ४०७.६५. गणपतराव एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवर माईकवरून गाड्या पुकारण्यात हयात गेल्यामुळं त्यांना हळू बोलणं म्हणजे काय ते ठाऊक नाही. त्यांनी दोन्ही आकडे तिथल्या तिथं पुकारले, आणि आजूबाजूच्या चार घरांच्या खिडक्या उघडल्या.

आता हा फलक म्हणजे काय, ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. सुयोग कॉलनी ही गडमुडशिंगीच्या वाटेवरची साठ-पासष्ट घरांची वसाहत. कॉलनीतली निम्मी पोरं कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत हिरण्यकेशी व्हॉल्व्हच्या कारखान्यात. कंपनीनं शेअर काढले तेव्हा घराघरांत कुणी वीस, कुणी पन्नास असे घेऊन ठेवले. विकायचे कुणालाच नव्हते, पण भाव मात्र सगळ्यांना रोज पाहिजे. मोबाइलवर बघता येतो, पण म्हातारी माणसं म्हणायची, आम्हाला दिसत न्हाय, आणि तरणी म्हणायची, आम्हाला वेळ न्हाय. मग हे काम गोमटेशअण्णांनी अंगावर घेतलं.

अण्णा एका दूध संघात एकतीस वर्षं सुपरवायझर होते. गावोगावच्या दूध संस्थांत जायचं, काटा बघायचा, दुधाचा नमुना काढायचा, फॅट तपासायची, वहीत शेरा मारायचा. अण्णांची जीप गावात शिरली की संस्थेचा सेक्रेटरी चहा सांडून उभा राहायचा. निवृत्तीनंतर पहिले सहा महिने त्यांना कुणी काही विचारलंच नाही. घरात भाजी कुठली करायची हेसुद्धा पद्मावतीकाकू त्यांना न विचारता ठरवायच्या. आधीही त्याच ठरवायच्या म्हणा, पण तेव्हा अण्णांच्या ते लक्षात आलं नव्हतं.

तर फलक हातात आला आणि अण्णांचं दुपारचं जेवणसुद्धा वेळेवर व्हायला लागलं. तीन पंचवीसला ते खुर्चीत ताठ बसायचे. मोबाइलवर त्या दिवसाचा आलेख उघडायचे. ती रेष जिथं थांबली, म्हणजे बरोबर साडेतीनला, तिथला आकडा कागदावर उतरवायचे आणि मोबाइल बंद करायचे. पुन्हा बघायचं नाही. एकदा घेतलं ते रीडिंग घेतलं. मग हात धुऊन, खडूचं टोक पाण्यात भिजवून, तीन चाळीसला फलकावर. शून्य वाकडं आलं तर पुसून पुन्हा. तोवर तिथं पाच-सहा माणसं जमलेली असायची, आणि कुणीतरी हमखास विचारायचं, "अण्णा, काय वाटतंय? चढंल का?" या एका प्रश्नासाठी अण्णा चोवीस तास जगत होते, हे त्यांनी कबूल केलं नसतं, पण होतं तसंच.

अकरा महिने एक चूक नाही. 'अण्णांचा आकडा' म्हणजे कॉलनीत शेवटचा शब्द. आणि आज सकाळी साडेसातला तो आकडा चार रुपये पस्तीस पैशांनी खोटा ठरला होता.

अण्णा पायजमा-बनियनवर धावत आले. त्यांनी आधी वर्तमानपत्राला खोटं ठरवलं. छपाईची चूक, म्हणाले. गणपतरावांनी खिशातून मागल्या चार दिवसांची कात्रणं काढली. अण्णांना पाठ असलेल्या आकड्यांशी ताडलं तर चारही दिवस फरक होता. कधी तीस पैसे, कधी ऐंशी, एकदा दीड रुपया. म्हणजे हे आजचं नव्हतं, ऑपरेशनच्या आधीपासूनच चाललेलं होतं.

अण्णांनी घरी येऊन मोबाइल उघडला. त्याच अॅपमध्ये पहिल्या पानावर कालचा बंद भाव ४०७.६५ दिसत होता, आणि आलेख उघडला तर रेष ४१२ वरच थांबलेली. एकाच मोबाइलच्या पोटात दोन आकडे. काल साडेतीनला त्यानं अण्णांच्या डोळ्यांदेखत ४१२ सांगितलं होतं, आणि अण्णांची पाठ वळल्यावर गुपचूप शब्द फिरवला होता. एकतीस वर्षांत असल्या बदमाशा त्यांनी खूप बघितल्या होत्या, पण त्या करणारी माणसं निदान समोर तरी असायची.

कॉलनीत बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. पहिला सल्ला असा की मोबाइलचं घड्याळ मागं असणार. अण्णांनी ते रेडिओच्या वेळेशी लावून बघितलं, सेकंदाचा फरक नव्हता. दुसरा सल्ला असा की घरात रेंज कमी, त्यामुळं भाव मुंबईहून निघून वाटेत कुठंतरी कऱ्हाड-पेठनाक्याला रेंगाळतो, तेव्हा गच्चीवर जाऊन बघा. हा सल्ला देणारा माणूस स्वतः कधी मोबाइल वापरत नाही, पण बोलला इतक्या खात्रीनं की अण्णा एप्रिलच्या उन्हात साडेतीनला छत्री घेऊन गच्चीवर चढले. एका हातात स्वतःचा मोबाइल, दुसऱ्या हातात काकूंचा, छत्री मानेत धरलेली. दोन्ही मोबाइलवर आकडा एकच आला, पण तो बघताना अण्णा मागं सरकत सरकत काकूंच्या वाळत घातलेल्या उडदाच्या पापडांवर जाऊन उभे राहिले. चौतीस पापड गेले. संध्याकाळी अॅपनं पुन्हा शब्द फिरवलाच. काकूंनी त्या दिवसापासून बंद भावाचं नाव घरात काढायला बंदी घातली.

मग अण्णा पुतण्याकडं गेले. अभिनंदनचं शाहूपुरीत शेअर दलालीचं छोटं ऑफिस आहे. पोरगा सालस, हुशार, काकांच्या शब्दाबाहेर नसलेला. त्यानं चहा मागवला, ऐकून घेतलं आणि हसत म्हणाला, "काका, ते असंच असतंय."

एवढं एक वाक्य त्यानं बोलायला नको होतं. काटा दोनशे ग्रॅमनं कमी दाखवतोय, साहेब, ते असंच असतंय. नमुन्याच्या बाटलीवर नंबर नाही, साहेब, ते असंच असतंय. हे वाक्य अण्णांनी जिल्ह्यातल्या सगळ्या संस्थांत ऐकलं होतं आणि प्रत्येक वेळी त्याखाली लाल शेरा मारला होता. त्यांनी चहा टाकून दिला. अभिनंदन घाबरला आणि त्यानं सारवासारव करायला म्हणून सांगितलं की मुंबईत बाजार दोन आहेत, वर्तमानपत्रवाले कदाचित दुसऱ्या बाजाराचा भाव छापत असतील. त्यानं लगेच दुसऱ्या बाजाराचा आकडा काढून दिला. तो ४०८.१० निघाला. म्हणजे अण्णा दोन आकडे घेऊन गेले होते आणि तीन घेऊन परत आले.

आता राहिली तक्रार. सरकारी नोकरी केलेली नसली तरी अण्णांचा अर्जावर विश्वास होता. अॅपमध्ये तक्रारीचं पान होतं, पण त्यात आधी तक्रारीचा प्रकार निवडायचा होता. पैसे जमा झाले नाहीत, शेअर जमा झाले नाहीत, पासवर्ड विसरलो, मयत खातेदार. भाव दोन दिसतात असा प्रकारच नव्हता. अण्णांनी 'इतर' निवडलं. मग तपशील लिहायचा, तो अडीचशे अक्षरांत. अण्णांचं नुसतं 'उपरोक्त विषयास अनुसरून' एवढ्यातच पंधरा-वीस अक्षरं गेली. काटछाट करून करून अर्ज गेला आणि दहा मिनिटांत उत्तर आलं की आपली शंका सोडवण्यात आली आहे, आमच्या सेवेला किती तारे द्याल? अण्णांनी एकही तारा दिला नाही, तर अॅप पुढं सरकेना. शेवटी एक द्यावा लागला. तो एक तारा त्यांना पुढं बरेच दिवस लागून राहिला.

मग हेल्पलाइन. मराठीसाठी तीन दाबा, खात्यासाठी दोन दाबा, असं करत करत चौथ्या खेपेला एक जिवंत बाई लागली. तिनं नाव निशिगंधा सांगितलं आणि आवाज फार गोड होता. तिनं विचारलं, सर, तुमच्या कुठल्या सौद्यात फरक आलाय? अण्णा म्हणाले, मी सौदा केलेलाच नाही. माझ्याकडं चाळीस शेअर आहेत आणि मी ते विकणार नाही. मग सर, नुकसान किती झालं? अण्णांनी सांगितलं, पैशाचं शून्य. मग ती बाई म्हणाली की सर, बंद भाव म्हणजे शेवटचा भाव नसतो, शेवटच्या अर्ध्या तासाची सरासरी असते.

हे ऐकून अण्णांना पहिल्यांदा बरं वाटलं. निदान नियम तरी होता. त्यांनी कागद घेतला, त्या दिवसाचा आलेख पुन्हा उघडला. तीन ते सव्वातीन रेष ४०७ वर सरळ चाललेली. सव्वातीनला तिनं उडी मारली आणि साडेतीनपर्यंत ४१२ वर टिकून राहिली. पंधरा मिनिटं ४०७, पंधरा मिनिटं ४१२. सरासरी ४०९.५०. त्यांनी तीनदा करून बघितलं, तीनदा ४०९.५० च आलं. आता ४१२, ४०७.६५, ४०८.१० आणि ४०९.५० असे चार आकडे झाले होते आणि त्यातला एकही दुसऱ्याला ओळख द्यायला तयार नव्हता. पुन्हा हेल्पलाइन लावली तेव्हा निशिगंधा लागली नाही, तिच्याऐवजी गाणं लागलं.

इकडं गणपतराव स्वस्थ बसले नव्हते. त्यांचा डोळा त्या फलकावर जुनाच होता. म्हणजे ऑपरेशनच्या आधीपासून. त्यांना तिथं रोज एक सुविचार लिहायचा होता. त्यांनी मंडळाच्या वहीत विषय मांडला की फलकावरची माहिती चुकीची असल्यानं रहिवाशांची दिशाभूल होते, तरी मगदूम यांनी येत्या रविवारच्या बैठकीत खुलासा करावा, अन्यथा खडू मंडळाकडं जमा करावा. खाली तेरा सह्या होत्या. त्यातल्या चार सह्या रोज तीन चाळीसला 'अण्णा, चढंल का?' विचारणाऱ्यांच्या होत्या. त्या बघून अण्णांना फार लागलं.

त्यांनी लिहिणंच बंद केलं. खोटा आकडा लिहायचा नाही आणि खरा कुठला ते कळत नाही, मग लिहायचं काय? बुधवार, गुरुवार, शुक्रवार फलक कोरा राहिला. पहिल्या दिवशी माणसं तीन चाळीसला आली, थोडा वेळ थांबली आणि गेली. दुसऱ्या दिवशी दोघंच आली. तिसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. अण्णा खिडकीतून हे सगळं बघत होते. काकूंनी न विचारता बटाट्याची भाजी केली आणि त्यांनी ती मुकाट्यानं खाल्ली. काकूंना तेव्हा पापडांचा राग आवरता घ्यावासा वाटला.

रविवार उजाडला. बैठक दहाला होती. साडेसातला चिमणाबाई दूध घेऊन आल्या. चिमणाबाई गडमुडशिंगीच्या. घरच्या पाच म्हशी. सकाळचं निम्मं दूध गावच्या संस्थेला, निम्मं स्कूटीवरून या कॉलनीत रतीबाला. वय साठीला टेकलेलं, पण किटली अशी उचलतात की बघणाऱ्याची पाठ दुखावी. अण्णा स्वयंपाकघरात टेबलाशी चार आकड्यांचा कागद पुढ्यात घेऊन बसले होते. चिमणाबाईंनी दूध ओतता ओतता विचारलं, सायेब, फळा कोरा का म्हणून? रोज मी तुमचा भाव वाचून जाती, माज्या पोराचं पन तीस शेर हाईत तितं.

अण्णांना बोलायचं नव्हतं. पण काकूंनी सगळं सांगून टाकलं, पापडांसकट. मग अण्णाही उसळले. चारही आकडे त्यांनी तावातावानं सांगितले, निशिगंधाचा नियम सांगितला आणि म्हणाले, पंधरा मिनिटं चारशे सात, पंधरा मिनिटं चारशे बारा, मग मधला चारशे साडेनऊच यायला पाहिजे की नको?

चिमणाबाईंनी किटलीचं झाकण लावलं.

"सायेब, चारशे बाराला माल किती गेला?"

"म्हणजे?"

"म्हंजी किती शेर खपलं त्या भावानं? आनि चारशे सातानं किती?"

अण्णांना ते माहीत नव्हतं. आलेखाच्या खाली पहिल्यापासून बारीक उभ्या काड्या दिसायच्या, काही लांब, काही आखूड. त्या नक्षीनं नजर विचलित होते म्हणून अकरा महिन्यांपूर्वीच त्यांनी त्या बंद करून टाकल्या होत्या.

"एक तांब्या आठ फॅटचा आनि घागरभर सहा फॅटचं," चिमणाबाई म्हणाल्या, "एकत्र वतल्यावर सात फॅट व्हती व्हय, सायेब? ही मला कुनी शिकवलं? तुमीच की."

अण्णांना आठवायला लागलं होतं. पण चिमणाबाई कुणाला आठवण्यापुरता वेळ देणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी काकूंकडं वळून सगळं सांगितलं. पंधरा वर्षांमागं त्यांनी एक युक्ती काढली होती. म्हशीची शेवटची धार सगळ्यात दाट असते. ती वेगळी काढायची आणि किटली भरल्यावर वरनं हळूच सोडायची, म्हणजे संस्थेत वरच्या वर नमुना घेतला की फॅट साडेआठ लागते. दोन महिने चाललं. मग एक दिवस जीप आली. साहेबांनी नमुना घेणाऱ्याचा हात धरला, चिमणाबाईंना सगळ्यांच्या देखत किटली तळापासून ढवळायला लावली आणि मग नमुना घेतला. फॅट साडेसहा निघाली.

"लाजंनं मेल्यागत झालतं मला," चिमणाबाई म्हणाल्या. "आनि तुमी नुसता शेरा मारून गेला न्हाईसा. लाल रंग आनाय लावून संस्थेच्या भितीवर आपल्या हातानं लिवलासा. आजून हाय की ते. रोज सकाळी त्याच्याच खाली उभी ऱ्हाती मी."

त्या भिंतीवर काय लिहिलंय ते अण्णांना सांगावं लागलं नाही. 'नमुना ढवळूनच घ्यावा. गो. भू. मगदूम, सुपरवायझर.' अक्षर त्यांचंच होतं, रंग संस्थेचा.

त्यांनी अभिनंदनला फोन लावला. रविवारी सकाळी पावणेआठला काकांचा फोन म्हटल्यावर पोरानं घाबरतच उचलला. अण्णांनी एवढंच विचारलं की त्या दिवशी शेवटच्या अर्ध्या तासात कुठल्या भावाला किती शेअर गेले, ते सांग. पाच मिनिटांत उत्तर आलं. तीन ते सव्वातीन, आठ हजार सातशे शेअर, जवळपास सगळे ४०७ ला. सव्वातीन ते साडेतीन, फक्त तेराशे, सगळे ४१२ ला. अण्णांनी लिटर गुणिले फॅट करायचे तसंच शेअर गुणिले भाव केलं, बेरीज घेतली आणि दहा हजारांनी भागलं.

४०७.६५.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. ४०८.१० चाही उलगडा झाला, तो दुसऱ्या संस्थेचा कॅन होता, त्याचं दूध वेगळं, त्याची फॅट वेगळी. वर्तमानपत्र खरं होतं, अॅप खरं होतं, आलेखसुद्धा खरा होता, कारण तो फक्त शेवटची धार दाखवत होता आणि तसं तो कधी नाकारतही नव्हता. बाजारानं नमुना ढवळून घेतला होता. वरच्या वर घेतला होता तो एकतीस वर्षं लोकांना ढवळायला लावणाऱ्या माणसानं, अकरा महिने, रोज, हात धुऊन. अण्णांचे कान लाल झाले.

"तरी मी म्हणत होते," काकू म्हणाल्या. त्या काहीच म्हणत नव्हत्या, पण हे वाक्य त्या प्रत्येक निकालानंतर म्हणतात.

दहाला मंडळाच्या हॉलमध्ये तीसेक माणसं होती. गणपतरावांनी विषय पुकारला. अण्णांना वाटेत एक सोपी वाट दिसलेली होती. चार्टवरचा भाव वेगळा आणि बंद भाव वेगळा, बाजाराचा तसा नियमच आहे, एवढं म्हणून बसता आलं असतं. नियम म्हटल्यावर कॉलनीत कुणी पुढं विचारत नाही. पण असल्या सोप्या वाटेनं जाणाऱ्या सेक्रेटऱ्यांना त्यांनी आयुष्यभर लाल शेरे मारले होते. ते उभे राहिले आणि घसा साफ न करताच बोलले.

"मी अकरा महिने शेवटच्या धारेचा भाव लिहीत होतो. बंद भाव म्हणून. चूक माझीच आहे."

मग त्यांनी तांब्या आणि घागरीचं उदाहरण देऊन सगळं समजावलं. तेराशे कुठले, आठ हजार सातशे कुठले, ते मागच्या भिंतीवर खडूनं मांडून दाखवलं. कॉलनीत दूध न कळणारं कुणी नव्हतं, त्यामुळं शेअर बाजार सगळ्यांना दहा मिनिटांत कळला. शेवटी त्यांनी तो खडू टेबलावर ठेवला आणि म्हणाले की मंडळानं ठरवावं.

गणपतरावांनी खडूकडं हात केला, पण तो अर्ध्यातच थांबला, कारण समोरचा माणूस भांडेल या हिशेबानं ते तयारी करून आले होते, आणि आता त्या तयारीचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. तेवढ्यात दारातून आवाज आला. चिमणाबाई सगळ्या घरांची रिकामी भांडी गोळा करून तिथं उभ्या होत्या. त्या मंडळाच्या सभासद नव्हत्या, पण त्यांना अडवायची कुणाची टाप नव्हती.

"चुकी लपवनारं सुपरवायझर लई बघितल्यात मी," त्या म्हणाल्या. "आपली चुकी आपनच भितीवर मांडून दावनारा ह्यो पयलाच. त्येच्या हातात खडू ऱ्हाऊ द्या."

ठराव झाला तो असा, की फलकाचे दोन भाग करावेत. वरच्या भागात गणपतरावांचा सुविचार, खालच्या भागात अण्णांचा भाव. सोमवारपासून अण्णांनी खालच्या भागात दोन रकाने आखले, 'शेवटची धार' आणि 'ढवळलेला'. पहिला तीन चाळीसला भरायचा, दुसरा बाजारानं बंद भाव जाहीर केल्यावर संध्याकाळी. त्यामुळं माणसं आता दोनदा जमायला लागली. आलेखाखालच्या काड्या अण्णांनी पुन्हा चालू केल्या. अभिनंदनचा परवा फोन आला होता, कॉलनीतले लोक ऑफिसात येऊन 'ढवळलेला किती?' असं विचारतात, म्हणाला, आणि बाकीची गिऱ्हाइकं बघत राहतात.

गणपतरावांचं मात्र अवघड झालं. सुविचार लिहायचा म्हणजे रोज एक नवीन लागतो, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. पहिले तीन दिवस पाठ असलेले तीन निघाले. चौथ्या दिवशी त्यांच्या बायकोनं एक सांगितला. पाचव्या दिवशी, शुक्रवारी, त्यांना काही म्हणजे काही सुचेना. सकाळी दारात चिमणाबाईंशी काहीतरी बोलून ते स्कूटरवरून गडमुडशिंगीकडं जाताना लोकांनी बघितलं होतं. कशाला गेले ते कुणाला ठाऊक नव्हतं.

तीन चाळीसला अण्णा खडू भिजवून फलकापाशी आले. नेहमीची सहा माणसं उभी होती, आणि आज गणपतरावही होते, हात मागं बांधून, दुसरीकडं कुठंतरी बघत. अण्णांनी वर बघितलं. वरच्या भागात मोठ्या, जरा तिरक्या अक्षरात लिहिलं होतं :

'नमुना ढवळूनच घ्यावा. गो. भू. मगदूम.'

अण्णांनी ते दोनदा वाचलं. मग त्यांनी पहिल्या रकान्यात त्या दिवसाचा आकडा लिहिला, ४१५.२०. शेवटचं शून्य वाकडं आलं. त्यांनी ते पुसलं नाही.

"अण्णा," गणपतरावांनी विचारलं, आणि हे त्यांनी जन्मात पहिल्यांदाच हळू आवाजात विचारलं असेल, "काय वाटतंय, चढंल का?"